पोहता न येणाऱ्या पालकांनी सुट्टीत पाण्याजवळ मुले कशी सांभाळावीत

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे आमच्या मुलांची पाण्याशी ओळख बॅरल, हौद आणि टाकी एवढीच असते. मे महिन्यात गाडी गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला पोहोचली, की तीच मुले चपला काढण्याआधी लाटांकडे धावत सुटतात. सोबतच्या मोठ्यांपैकीही बहुतेकांना पोहता येत नसते. त्यामुळे पुढील रीत, पालकांना पोहता येत नाही, हे गृहीत धरूनच सांगितली आहे.

निघण्यापूर्वी

मुलाच्या वजनाला बसणारे, पायांमधून पट्टा घेता येईल असे लाइफ जॅकेट घ्यावे. ते चढवून, पट्टे आवळून, जॅकेटचे खांदे धरून मुलाला वर उचलून पाहावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले, तर ते ढिले आहे. हवा भरायच्या रबरी ट्यूब आणि दंडावरच्या पट्ट्या ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नये. पोहण्याचे कपडे भडक केशरी रंगाचे असावेत, कारण निळा किंवा पांढरा कपडा पाण्यात दिसेनासा होतो.

गाडीच्या डिकीत एक शिट्टी, पंधरा-वीस मीटर नायलॉनचा दोर आणि खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवावा. कॅनमध्ये पेलाभर पाणी घालून झाकण घट्ट लावावे आणि मुठीला दोर बांधावा. अगदी रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो, थोडे पाणी असले की नेमका जाऊन पडतो आणि तरंगतोही.

पाण्याशी पोहोचल्यावर

सर्वांत महत्त्वाचे काम नजर ठेवण्याचे आहे, आणि चूकही तिथेच होते. गेल्या वर्षी कोकणातल्या एका लॉजच्या तलावाकाठी आम्ही चार मोठी माणसे नाश्त्याला काय सांगायचे यावर बोलत होतो. सहा वर्षांचा पुतण्या समोरच होता. डोके मागे झुकलेले, तोंड पाण्याच्या पातळीला, हात शिडी चढावी तसे खाली दाबलेले. आवाज काही नव्हता. मला वाटले, खेळतोय. त्याची थोरली बहीण म्हणाली, ''काका, तो बोलत का नाहीये?'' तेव्हा आम्ही हलकल्लोळ केला आणि त्याला ओढून बाहेर काढले. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, कारण श्वासच मिळत नसेल तर ओरडण्याला हवा आणायची कुठून? एका मिनिटाच्या आतही ते दिसेनासे होऊ शकते.

तेव्हापासून आमच्याकडे शिट्टीची पाळी असते. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याने पंधरा मिनिटे मुलांखेरीज कशाकडेही पाहायचे नाही आणि मोबाइल दुसऱ्याच्या खिशात द्यायचा. पाळी बदलताना ''शिट्टी घे'' आणि ''घेतली'' हे दोन्ही मोठ्याने बोलायचे. नुसत्या मानेच्या इशाऱ्यावर पाळी बदलत नाही. ''सगळेच बघतायत'' म्हणजे कोणीच बघत नाही. पाच वर्षांखालचे मूल असेल, तर हात लांबवताच धरता येईल इतक्या अंतरावर थांबावे. लॉजच्या न्हाणीघरातली भरलेली बादलीही रांगत्या मुलासाठी रिकामीच करून ठेवावी.

जागेप्रमाणे

पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात वाळू उपशाचे खड्डे असतात, घोट्याएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की मूल गळ्याएवढ्यात जाते. शिवाय शेतीसाठी आणि पिण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडले, की भर उन्हाळ्यात, आभाळात ढग नसतानाही भीमा वाढते. म्हणून मुलांना घाटाच्या पायरीवर बसवून तांब्याने अंघोळ घालावी.

आजोळी गेल्यावर विहिरीपेक्षा शेततळ्याची भीती मला जास्त वाटते. विहिरीला निदान पायऱ्या किंवा दगडांच्या खाचा असतात. डाळिंबाच्या बागेतल्या शेततळ्याचे प्लॅस्टिक अस्तर शेवाळाने इतके निसरडे होते, की पोहणाऱ्या गड्यालाही उतारावरून वर येता येत नाही. कुंपण आणि कुलूप नसेल, तर मुलांना तिकडे नेऊ नये. मामांना विनंती करून चारही बाजूंना खुंट्या ठोकून गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून घ्यावेत.

समुद्रावर जीवरक्षक असलेल्या भागातच, गुडघ्याएवढ्या पाण्यात राहावे आणि भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिकांना विचारून घ्याव्यात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीचा जोर अधिक असतो. बोटीत जॅकेट न घालता पाय ठेवू नये. मे 2024 मध्ये उजनी जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला.

मूल पाण्यात गेलेच, तर

पोहता येत नसेल, तर मागे उडी मारू नये. एकाचे दोन होतात. काठावर पालथे पडून काठी पुढे करावी, किंवा कॅन मुलाच्या पलीकडे फेकून दोराने त्याच्याकडे ओढावा. आपली सोलापुरी चादर सहलीला हमखास सोबत असते, पण भिजली की ती उचलवत नाही, ती फेकण्यात वेळ घालवू नये. दुसऱ्याने त्याच वेळी 108 किंवा 112 ला फोन करावा.

बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल, तर त्याला उलटे टांगणे किंवा पोट दाबणे टाळावे. सपाट जागी उताणे निजवून हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत. प्रतिसाद नसेल, तर छातीच्या मध्यभागी, छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत, मिनिटाला 100 ते 120 या गतीने 30 दाब आणि मग 2 श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे.

मूल शुद्धीवर येऊन खेळू लागले, तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. खोकला, धाप किंवा गुंगी काही तासांनीही वाढू शकते. मूल पाण्याखाली साधारण किती वेळ होते आणि काठावर श्वास द्यावे लागले का, हे डॉक्टरांना आधी सांगावे.