वाईनची बाटली घेताना लेबल, स्टिकर आणि बूच कसं वाचायचं

दिवाळीत इंदूरला रामबागेतल्या घरी सगळे जमलो होतो, इटलीची एक वाईन आली होती, आणि मावशीला दमा आहे म्हणून तिने नेहमीप्रमाणे आधी विचारलं, "ह्यात सल्फाइट आहे का रे?" (वाईन टिकायला घालतात तो पदार्थ, दमा असलेल्या काहींना त्याचा त्रास होतो.) मी बाटली फिरवून फिरवून बघितली, कुठे काही दिसेना. मग नखाने इंपोर्टरच्या पांढऱ्या स्टिकरचा कोपरा उचकटला तर सल्फाइटची ओळ नेमकी त्याखाली! मला फार राग आला, कारण ज्याला त्या ओळीची गरज आहे त्याच्यासाठीच ती छापलेली असते. तेव्हापासून मी ह्या लेबलांच्या नियमांच्या मागेच लागलो, म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी कुठलं लेबल कोणाचं ते बघा

आपल्या इंदूरच्या दुकानात बाहेरदेशची बाटली येते तेव्हा तिच्यावर तिघांचा कागद असतो. एक मूळ देशाचं लेबल, ते तिथल्या कायद्याने छापलेलं. दुसरं इंपोर्टरचं स्टिकर, त्यावर त्याचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा (आपल्याकडची अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) १४ आकडी लायसन्स नंबर. तिसरं आपल्या मध्य प्रदेश आबकारीचं (दारूचं सरकारी खातं) होलोग्रामवालं लेबल. हे तिसरं नसेल तर ती बाटली घेऊच नका, मग भाव कितीही कमी सांगू देत.

स्टिकर लावायला आपल्याकडे परवानगी आहे, पण मूळ लेबलवरची माहिती झाकायची नाही असा नियम आहे, म्हणजे मावशीच्या बाटलीवर जे झालं ते चूकच होतं. शिवाय १ एप्रिल २०१९ पासून वैधानिक इशारा सगळ्या दारूवर लागतो, दारू तब्येतीला हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका असा, आणि २०० मिलीच्या वरच्या बाटलीवर त्याची अक्षरं कमीत कमी ३ मिलिमीटर उंच पाहिजेत. भिंग लावून वाचावं लागत असेल तर समजून जा.

विमानातून कोणी स्वतःसाठी बाटली आणली (२ लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही) तर तिच्यावर इंपोर्टरचं स्टिकर नसणारच, तिथे मूळ लेबलच वाचावं लागतं.

मग सल्फाइट आणि बाकीच्या ॲलर्जीच्या ओळी शोधा

भारतात आणि युरोपात दोन्हीकडे हद्द १० मिलिग्रॅम आहे, लिटरला किंवा किलोला त्याच्या वर असलं की लिहायचं. ही हद्द इतकी खाली आहे की जवळपास सगळ्याच वाईनवर ती ओळ येते, कारण आंबताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं, वर बनवणारा टिकण्यासाठी घालतो ते वेगळं. म्हणून नुसती ओळ दिसली तर घाबरायचं नाही, पण त्यावरून किती आहे ते कळत नाही हेही लक्षात ठेवा. युरोपात कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, रेड वाईनला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम आणि कोरड्या व्हाईटला २०० चालतं, म्हणजे साधारणपणे व्हाईटमध्ये जास्त घालायची मुभा आहे. दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा, लेबलवरून नाही. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश काहीही असो, तो शब्द ऐकायला सल्फाइटसारखाच असतो त्यामुळे सापडतो.

आपल्यातल्या शाकाहारी लोकांसाठी एक महत्त्वाचं. वाईन स्वच्छ करायला कधी अंड्याचा पांढरा बलक, कधी दुधातलं केसीन, कधी माशापासून काढलेला पदार्थ वापरतात, आणि हिरव्या ठिपक्याचा नियम दारूला लागू नाही, त्यामुळे ठिपका शोधत बसू नका, अंडं किंवा दूध लिहिलंय का ते बघा. ८ डिसेंबर २०२३ नंतर बनलेल्या युरोपियन वाईनला घटकांची यादी द्यावीच लागते, बरेच जण ती क्यूआर कोडमध्ये टाकतात, मोबाईलने स्कॅन करा. ॲलर्जीची ओळ मात्र बाटलीवरच पाहिजे, कोडमध्ये लपवता येत नाही.

टक्के, द्राक्ष, मिली

अल्कोहोलचा टक्का अगदी काटेकोर नसतो, युरोपात साधारण अर्ध्या टक्क्याची सूट आहे, अमेरिकेत १४ टक्क्यांपर्यंतच्या वाईनला दीड टक्क्याची. म्हणजे १२ लिहिलेली साडेतेराही निघू शकते!

द्राक्षाचं नाव लिहायचं तर युरोपात ८५ टक्के त्याच द्राक्षाची पाहिजे, अमेरिकेत साधारणपणे ७५. 'रिझर्व्ह' हा शब्द बघून जास्त पैसे देऊ नका, अमेरिकेत त्याला कायद्याने काही अर्थच नाही, पण स्पेनच्या रेडवर 'रेसेर्वा' असेल तर ३६ महिने ठेवलेली आणि त्यातले १२ तरी लाकडी पिंपात, हे बंधन आहे. फेसाळ वाईनवर 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून सगळ्यात कोरडी समजतात लोक, खरं तर 'ब्रूट' त्याच्यापेक्षा कोरडी, त्यात लिटरला १२ ग्रॅमच्या आत साखर, 'एक्स्ट्रा ड्राय'मध्ये १२ ते १७.

साधी बाटली ७५० मिलीची. फ्रान्सच्या ज्युरा भागातली पिवळी वाईन ६२० मिलीच्या बुटक्या बाटलीत येते, ती कमी भरलेली नाही, कायद्यानेच तेवढी असते.

बूच

स्क्रू कॅप म्हणजे हलकी वाईन असं काही नाही, आणि खऱ्या बुचालाच कधीकधी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागतो. युरोपात फेसाळ वाईनला अळंबीच्या आकाराचं बूच आणि ते धरून ठेवणारी तार असते, कारण आत दाब असतो, शॅम्पेनमध्ये तर साधारण ६ बार, म्हणजे गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. बाटली थंड करूनच उघडा, तार सोडल्यावरही अंगठा बुचावरून काढू नका, आणि तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे नको.

कोणाच्या कपाटात खूप जुनी बाटली असली तर मानेवरचं वेष्टण बघा. पूर्वी ते शिशाचं असायचं, अमेरिकेत १९९६ मध्ये त्यावर बंदी आली. तसं निघालं तर पूर्ण कापून काढा आणि बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसूनच ओता.

घेऊन कुठे जाताय?

आपल्या राज्यात १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मंदसौरसह अनेक धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद आहे. आणि बडोद्याला मामांकडे भेट म्हणून तर अजिबात नेऊ नका, गुजरातेत परमिटशिवाय बाटली जवळ असणं हाच गुन्हा आहे, बिल दाखवून सुटता येत नाही.

गडबड दिसली तर

बाटली उघडू नका. आधी चारी बाजूंनी फोटो, बिल जपून ठेवा, मग दुकानदाराला दाखवा, तो ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा, स्टिकरखाली माहिती झाकली असेल तर एफएसएसएआयकडेही तक्रार करता येते, लायसन्स नंबर तेव्हा लागतो म्हणून त्याचा फोटो जवळून आणि स्पष्ट घ्या.