चिनी वर्गमित्राशी मैत्री जुळवताना
मुंबईहून परदेशी शिकायला गेलात की चिनी मुलं आपसातच राहतात असं वाटेल. बऱ्याचदा अडतं ते इंग्रजी बोलण्याच्या संकोचापाशी आणि वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपपाशी, कारण त्यांचे गट तिथेच असतात. भारतात 2020पासून त्यावर बंदी आहे. तिकडचं सिम मिळाल्यावर वीचॅट घ्या. नवं खातं उघडताना अनेकदा जुन्या वापरकर्त्याला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. तो वर्गमित्रालाच करायला सांगा, ओळखीला याहून सोपं निमित्त नाही.

चिनी नावात आडनाव आधी येतं, हे ध्यानात ठेवा. भिंतीवरचं घड्याळ भेट देऊ नका. 'घड्याळ देणं' आणि 'अंत्यविधी करणं' यांचा चिनी उच्चार सारखाच. मोठ्या पार्टीपेक्षा दोघा-तिघांनी मिळून केलेला स्वयंपाक बरा. त्यांचा मध्य-शरद सण (मिड-ऑटम फेस्टिव्हल) कधी कोजागरीलाच येतो, 2025मध्ये 6 ऑक्टोबरला आला तसा. मसाला दुधाला बोलवा, पण अनेकांना दूध पचत नाही, आधी विचारा.