भाड्याच्या घराला फरशी आणि छप्पर निवडताना
भाडेकरू बदलला की कपाट ओढत नेल्याच्या रेघा फरशीवर मागे राहतात. म्हणून भाड्याने द्यायच्या घरात डिझाइनपेक्षा टाइलचं अंग बघा. फुल बॉडी व्हिट्रिफाइड टाइलचा रंग वरपासून तळापर्यंत एकच असतो. जड पातेलं पडून टवका उडाला तरी खालून वेगळा रंग डोकावत नाही. ग्लेझ्ड टाइल, म्हणजे वर काचेसारखा थर असलेली, घेणार असाल तर पीईआय, म्हणजे तो थर झीज किती सोसतो याचा दर्जा, 4 किंवा 5 आहे का ते दुकानदाराला विचारा. लॅमिनेट फरशीच्या, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या दाबीव पट्ट्यांच्या, वाटेला मी तरी जात नाही. दिसतं झकास, पण सांडलेलं पाणी सांध्यात मुरलं की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. बाथरूमला मॅट टाइल. त्याच बॅचचं एक खोकं जास्तीचं घेऊन माळ्यावर टाका, नंतर तीच छटा मिळेलच असं नाही.

छपराला पत्रा असेल तर पत्र्याआधी स्क्रूखालचं रबरी वॉशर दगा देतं. उन्हाने ते कडक होऊन चिरतं आणि गळती तिथूनच सुरू होते. ईपीडीएम, म्हणजे ऊन-पाऊस सोसणाऱ्या रबराच्या, वॉशरचेच स्क्रू मागा, आणि फिटर ते आवळून पार चेपत नाही ना, तेवढं उभं राहून बघा.