ए-वनची जर्मन गोष्ट कशी वाचावी

पुण्यात जर्मन शिकणारे घरोघरी सापडतात. कुणी मॅक्सम्युलर भवनात जातं, कुणी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, कुणाची शाळेतच सुरुवात झालेली असते. धडे होतात, परीक्षाही होते, पण सलग चार पानं वाचायची वेळ आली की धीर सुटतो. त्यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे लेव्हलनुसार लिहिलेल्या छोट्या गोष्टी. सगळ्यात सोप्या ए-वनपासून सगळ्यात अवघड सी-टूपर्यंतच्या सहा पायऱ्यांपैकी कोणती, ते मुखपृष्ठावरच छापलेलं असतं.

पुस्तक निवडताना एक पायरी खाली उतरा. क्लास ए-टूचा चालू असेल, तर गोष्ट ए-वनची घ्या. यात कमीपणा काही नाही. मधलंच एखादं पान उघडा आणि अडलेले शब्द मोजा. दोनशे शब्दांच्या पानावर चार-पाच अडले तर पुस्तक तुमचं, दहाच्या वर गेले तर परत ठेवा. हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासातही असंच दिसलं होतं: गोष्ट मदतीशिवाय नीट कळायला शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे लागतात.

पहिल्या वाचनात डिक्शनरी लांब ठेवा. शब्द अडला तर पेन्सिलीने रेघ मारा आणि पुढे चला. शब्दावर मराठी अर्थ मात्र लिहू नका. मी पहिल्या पुस्तकात लिहिले होते, आणि पुन्हा वाचताना डोळा थेट मराठीवरच जायचा.

खरी मजा दुसऱ्या वाचनात आहे. ‘एर श्टेट उम झेक्स ऊअर आउफ’ हे वाक्य घ्या. नुसता ‘श्टेट’ शोधलात तर माणूस सहा वाजता उभा आहे असं वाटेल. वाक्याच्या शेवटी बसलेला ‘आउफ’ त्याच क्रियापदाचा तुकडा आहे. दोन्ही जोडले की कळतं, तो सहाला उठतो. म्हणून पूर्णविराम येईपर्यंत अर्थ लावायची घाई करू नका. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’. तो आला की क्रियापद शेवटी जातं, आणि तिथे आपण मराठी माणसं घरच्यासारखी वाचतो, कारण आपलं क्रियापद एरवीही शेवटीच असतं. ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी. आपलं ‘पोरगं’ आठवा, लगेच पटेल.

गोष्टीत ‘गिंग’, ‘काम’, ‘झा’ असे भूतकाळ भेटतात. क्लासमध्ये आधी बोलण्यातला भूतकाळ शिकवतात, त्यामुळे हे अनोळखी वाटतात. त्यांची यादी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर करा: गेला, आला, पाहिलं. पंधरा-वीस रूपं झाली की पुढची पुस्तकं भराभर सरकतात.

ऑडिओ असेल तर तिसऱ्या दिवशी पुस्तक घरी ठेवून ऐका. मी वेताळ टेकडी चढताना ऐकते. आधी वाचलेलं असल्यामुळे दमछाकीतही कळतं. घरी आल्यावर तीच गोष्ट पाच जर्मन वाक्यांत मोठ्याने सांगा, चुकत का होईना.

एक पुस्तक संपलं म्हणून लगेच ए-टूकडे धावू नका. ए-वनचीच आणखी तीन-चार वाचा.