उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीचं इंजिन मिसिंग मारतंय? या चुका टाळा

कित्येक वर्षं उभी असलेली गाडी एकदाची सुरू झाली की मालकाला आभाळ ठेंगणं होतं. पण दोन मिनिटांत कळतं की इंजिन थरथरतंय, आयडलला (म्हणजे रेस न देता) टिकत नाही, रेस दिली की खोकतं आणि सायलेन्सरमधून मधूनच फट्ट असा आवाज येतो. इथे बहुतेक जण स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट कार्ब्युरेटरला (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) हात घालतात. सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच.

रोज चालणाऱ्या गाडीत बिघाड होतो तेव्हा तो सहसा एकच असतो. उभ्या गाडीचं तसं नसतं. पेट्रोल शिळं झालेलं, पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) थर चढलेला, एखादा व्हॉल्व्ह अडकलेला, रबरी पाइप कडक झालेले, असं सगळं एकाच वेळी असू शकतं. त्यामुळे तुम्ही एक खरा दोष काढला तरी इंजिन लगेच सुधारत नाही. मग वाटतं, दोष तिथे नव्हताच. तिथून माणूस भरकटतो आणि चांगले भागही बदलत सुटतो. म्हणून इंजिन सुधारलं की नाही यावर निकाल देऊ नका. पॉइंटचा गॅप बरोबर आहे का, व्हॉल्व्ह पूर्ण बसतो का, ठिणगी जोरदार आहे का, हे प्रत्येक वेगळं तपासा. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा.

क्रम असा धरा: आधी कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब), मग इग्निशन (ठिणगी), कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी.

जुन्याच पेट्रोलवर तपासणी करणं

कार्ब्युरेटर शेवटी, पण पेट्रोल मात्र सगळ्यात आधी बदलायचं. पेट्रोलमधले चटकन पेट घेणारे हलके घटक आधी उडून जातात. उरतं ते गडद रंगाचं, वॉर्निशसारख्या उग्र वासाचं द्रव्य. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल धरतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंडही तळाशीच असतं. वरून ताजं पेट्रोल ओतून हे निस्तरत नाही, टाकी रिकामीच करावी लागते.

टाकी काढेपर्यंत थांबायचं नसेल तर एका स्वच्छ कॅनमध्ये ताजं पेट्रोल घ्या आणि नव्या नळीने ते थेट पंपाला जोडा. कॅन घट्ट बांधा, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवा, अग्निशामक हाताशी असू द्या आणि बंद जागेत इंजिन चालवू नका. कॅनवर इंजिन नीट चाललं तर दोष टाकी, नळ्या किंवा फिल्टरमध्ये आहे. जुन्या रबरी नळ्या इथे फार फसवतात: बाहेरून धडधाकट दिसतात, आतला थर मात्र फुगून वाट अडवतो.

डिपस्टिकचा वासही घेऊन बघा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल खाली उतरत असण्याची शक्यता मोठी. किंवा कार्ब्युरेटर भरून वाहत असेल. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवणं म्हणजे बेअरिंग घालवणं, तेव्हा आधी ते थांबवा आणि ऑइल बदला.

कॉम्प्रेशन न बघता पुढे जाणं

सगळे प्लग काढा, कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) वायर सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या आणि मग प्लगच्या जागी दाब मोजणारं गेज लावा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं रीडिंग कमीच येतं आणि उगाच घाबरवतं. आकडा किती आला यापेक्षा सिलेंडरांमध्ये फरक किती आहे ते महत्त्वाचं. १०-१५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. एखादा फारच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगांकडे संशय, नाही चढला तर व्हॉल्व्हकडे. शेजारशेजारचे दोन सिलेंडर सारखेच कमी असतील तर हेड गॅस्केट.

पण एवढ्यावर इंजिन उघडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. गाडी उभी केली तेव्हा कुठले तरी व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात. त्याच सिलेंडरमध्ये वर्षानुवर्षं दमट हवा शिरते, सीटवर गंजाचे कण बसतात, रिंगा चिकटतात. यातलं बरंचसं ताज्या ऑइलवर अर्धा तास हलकेच चालवल्यावर आपोआप सुटतं. गरम इंजिनवर पुन्हा मोजा आणि मगच ठरवा.

व्हॉल्व्ह अडकलाय अशी शंका असेल तर मात्र आधी वरचं कव्हर काढा, क्रँक पुलीच्या नटवर पाना लावून इंजिन हाताने फिरवा आणि एकेका व्हॉल्व्हकडे बघत राहा. चांगला व्हॉल्व्ह स्प्रिंगबरोबर लगेच वर येतो. अडकलेला अर्ध्यावर रेंगाळतो आणि रॉकरखाली नको तेवढी मोकळी जागा दिसते. तसाच स्टार्टर मारत राहिलात तर पुशरॉड वाकतो.

कुठला सिलेंडर मेलाय ते न शोधता सगळंच बदलणं

इंजिन आयडलवर ठेवा आणि इन्सुलेटेड पक्कडीने एकेका प्लगची वायर काढा. काढलेली वायर हवेत सोडू नका, एक जादा प्लग अर्थला टेकवून त्याला लावा, नाहीतर कॉइलवर ताण येतो. ज्याची वायर काढल्यावर इंजिनचा आवाज अजिबात पडत नाही, तो सिलेंडर काम करत नाही. सगळ्यांनी सारखाच फरक पडत असेल तर दोष सगळ्यांना सामायिक असलेल्या भागात: पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा भाग), कॉइल किंवा हवा-पेट्रोलचं मिश्रण. या एका चाचणीने निम्मं काम वाचतं.

मेलेल्या सिलेंडरचा प्लग काढून बघा. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी नाही. ऑइलने ओला म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी.

पॉइंट बोटाने उघडे धरा आणि टॉर्चच्या उजेडात बघा. संपर्काच्या टिकल्यांवर राखाडी थर असतो, कधी तर इतका पातळ की नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, पण करंट अडवायला तो पुरतो. बारीक पॉलिश पेपरने घासा, मग कोरं कार्ड त्यांच्यामध्ये ओढून कण पुसून घ्या. गॅप बऱ्याच जुन्या गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतो, तरी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. गॅप वाढवला की टाइमिंग पुढे सरकतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते, त्यामुळे आधी गॅप आणि मग टाइमिंग. उलट केलंत तर दोन्ही चुकतात. पॉइंट चालू असताना त्यांच्यामध्ये मोठी ठिणगी उडतेय आणि प्लगवर मात्र मलूल, पिवळट ठिणगी आहे, तर कंडेन्सर बदला. नवा कंडेन्सरही खराब निघू शकतो, म्हणून चालणारा जुना फेकू नका.

डिस्ट्रिब्युटरच्या (एकेका प्लगला करंट वाटणारा भाग) टोपीत आतून केसासारख्या काळ्या रेघा दिसल्या तर ती टोपी गेली. आतली ॲडव्हान्सची (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणारी) वजनं जुन्या ग्रीसमध्ये चिकटलेली असली की आयडल ठीक असतं पण गाडी ओढत नाही. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून बघा: आतली प्लेट हलली पाहिजे आणि तिथेच टिकली पाहिजे. वायरींची अदलाबदल झाली नाही ना, तेही बघा. चार सिलेंडरच्या इंजिनात फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटण्याचा क्रम) बहुधा १-३-४-२ किंवा १-२-४-३ असते.

अर्ध्या चोकवर गाडी चालवत राहणं

चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप) ओढल्यावर इंजिन सुधारतं म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. कारणं मुख्यतः दोन: जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबलंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. हवेची गळती आयडलला सगळ्यात जास्त जाणवते आणि रेस वाढली की तिचा प्रभाव ओसरतो. मेन जेट तुंबलं असेल तर उलट, रेस वाढेल तसं इंजिन गुदमरतं. ब्रेकच्या सर्व्होची (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा भाग) नळी हलकेच दाबून बंद करा. आयडल बदललं तर गळती तिथेच आहे. मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून इंजिनपर्यंतचा पाइप) गॅस्केटवर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधणं धोक्याचं आहे, खाली एक्झॉस्ट तापलेला असतो. इंजिन फार तापण्याआधीच पाण्याचा बारीक फवारा मारून बघा, फक्त डिस्ट्रिब्युटर ओला होऊ देऊ नका.

आता कार्ब्युरेटर खोला. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्या उघडा होता ते मोजून लिहा. जेटमध्ये तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की ते जेट कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने साफ करा. फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल डुचमळत असेल तर त्याला छिद्र आहे.

जोडणी झाल्यावर पारदर्शक फिल्टर बसवा आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर त्यात डोकावा. तपकिरी भुकटी साठत असेल तर टाकी आतून गंजलेली आहे. अशा वेळी कार्ब्युरेटर पुन्हा खोलण्याआधी टाकी साफ करून घ्या.