चार साड्या, सहा थर: शिलाईच्या दुकानात वाकळ कशी करावी

सांगलीला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. कातरण पूर्वी कचऱ्याच्या गाडीत जायचं. एकदा महिनाभराचं पोत्यात भरून काट्यावर ठेवलं, तर साडेअकरा किलो! गिऱ्हाइकाने पैसे मोजून आणलेलं कापड ते. तेव्हापासून आमच्याकडे वाकळा होतात (पुण्याकडच्यांनी गोधडी म्हणावं). वरचा थर कातरणाचा, आतले जुन्या साड्यांचे. साड्या गिऱ्हाइकंच आणून देतात, "भांडीवालीला देण्यापेक्षा तू घे" म्हणत.

पहिलं काम कापड ओळखायचं. कडेचा एक धागा ओढून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने भुरभुरते. पॉलिस्टर वितळतं, टोकाला कडक मणी होतो. आतल्या थरांना फक्त सुती घ्या. माझ्या पहिल्या ऑर्डरीत मी एक नायलॉनची साडी मध्ये खपवली होती. दोन धुण्यांत तो थर सरकून एका कोपऱ्यात गोळा झाला. सगळी वाकळ उसवून पुन्हा शिवली, तीही फुकट. आता सिंथेटिक कातरणाचं पोतंच वेगळं. त्याच्या वेण्या घालून पायपुसणी करतो.

गडद साडी असेल तर ओलं पांढरं फडकं घासून बघा, रंग लागला की ती बाजूला. मग साडी उजेडासमोर धरा. विरलेली जागा लगेच दिसते, तिथे आतून ठिगळ द्या.

आता हिशेब, कारण खरी बचत इथे आहे. पाचवारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. आधी दोन्ही काठ काढा. जाड काठातून सुई जात नाही आणि जरीच्या तारा टोचतात. उरलेल्या साडीचे आडवे तीन तुकडे करा, सहा-सहा फुटांचे. कात्री नको. कडेला चिमूटभर कापून फाडा, सुती कापड धाग्याला धरून सरळ फाटतं. दोन तुकडे शेजारी जोडले की एक थर झाला: सहा फूट रुंद, साडेसहा फुटांच्या आसपास लांब. दोन साड्यांत तीन थर, चार साड्यांत सहा, आणि मागे एक चिंधी उरत नाही. काढलेले काठ गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, वापरा. एका साडीचे दोन काठ ३६ फूट भरतात, वाकळीच्या घेराला २५ पुरतात.

थर अंगणात किंवा गच्चीवर अंथरा, कडांना वरवंटे ठेवा. दाभणाने कच्चे टाके मधून कडेकडे घाला, म्हणजे फुगा बाहेर निघतो. पक्का धावदोरा मात्र कडेने सुरू करून गोल गोल आत न्यायचा. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची गोधडी, कवंदी, अशीच घालतात. ओळींत दोन बोटांचं अंतर पुरे. मशीनवर लवकर होतं, पण सहा थरांवर सुया मोडतात आणि वाकळ पुठ्ठ्यासारखी ताठ होते. मी मशीन फक्त वरचा कातरणाचा थर जोडायला वापरते.

बाळासाठी हवी असेल तर एक मऊ साडी काठ काढून दोनदा दुमडा, चार थर होतात. धावदोरा घाला, दुपटं तयार.

लोक स्वेटरही आणतात. ते आम्ही वाकळीत घालत नाही, भंगारवाल्याकडे पाठवतो. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं, पण चिंधीच्या धंद्यात पानिपत म्हणजे जुन्या लोकरीतून पुन्हा सूत काढून ब्लँकेटं विणणारं गाव.

दर ठरवताना कापड फुकटचं म्हणून मजुरी कमी धरू नका. दोन बायकांना रोज चार तास बसून सहा दिवस लागतात. पहिल्या वाकळीचे मी ७०० रुपये घेतले होते, म्हणजे तासाला पंधरा रुपयेसुद्धा पडले नाहीत. आता तास मोजून दर सांगते. काही गिऱ्हाइकं परत जातात, जाऊ देत.

आणि साड्या घेताना वहीत नाव लिहा, पदराला चिठ्ठी टाचा. एकीच्या आईची इरकल मी दुसरीच्या वाकळीत घातली होती. ती बाई दुकानात येऊन काही बोलली नाही, नुसती बाकड्यावर बसून राहिली. पुढच्या आठवड्यात तेवढा एक थर सोडवून मी तिला परत दिला.