आडवी बाटली: संताप मतपेटीपर्यंत कसा न्यायचा

गावातलं परवानाधारक दारूचं दुकान बंद करायचं की नाही, हे महाराष्ट्रात महिलांना गुप्त मतदानाने ठरवता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. ही लढाई संतापातून उभी राहते आणि बऱ्याचदा आकड्यांत हरते.

समजा, गावात 1,200 महिला मतदार आहेत. मतदानाची मागणी करायला 25 टक्के, म्हणजे 300 सह्या लागतात. तुम्ही 400 घ्या. पडताळणीच्या दिवशी कुणी रानात असते, कुणी माहेरी, कुणाची सही जुळत नाही, कुणी घरच्या धाकाने ‘मी केलीच नाही’ म्हणते.

सह्या राग ताजा असताना घ्याव्यात. दारूपायी गावात मारहाण झाली की चार दिवस आळी पेटलेली असते, मग ज्याची त्याची कामं सुरू होतात. म्हणून अर्ज आणि मतदार यादीची प्रत आधीच तयार ठेवा. मात्र ज्या घरात मार बसला, त्या घराचं नाव भाषणात घेऊ नका. ती बाई पुन्हा बैठकीला येणार नाही.

लाज हा रागापेक्षा मोठा अडसर आहे. भरल्या ग्रामसभेत ‘माझा नवरा पितो’ असं कुणाच्या तोंडून निघत नाही. बचत गटाच्या बैठकीत चिठ्ठ्या वाटा. गेल्या महिन्यात घरातले किती पैसे दारूत गेले, एवढाच आकडा, नाव नाही. चिठ्ठ्या उघडून फळ्यावर सगळ्यांसमोर बेरीज करा. घरोघरी दडवलेली गोष्ट तिथे गावाची होते, आणि बोलायला तोंड फुटतं.

भीतीवर भाषणाचा उपयोग नाही. नमुना मतपत्रिका करून शिक्का मारायचा, घडी घालायची, डब्यात टाकायची, असा सराव प्रत्येकीकडून करून घ्या. आपलं मत सासऱ्याला कळणार नाही, हे हाताला पटलं पाहिजे.

आता सगळ्यात जास्त घात करणारा नियम. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या नव्हे. 900 जणी आल्या, 580 आडवीला, 320 उभीला, तरी तुम्ही हरलात. हव्या होत्या 601. घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच पारड्यात जाते.

म्हणून यादी वर्षभर आधी साफ करा. मयत महिलांची नावं वगळायला नमुना 7, लग्न होऊन आलेल्या सुनांचा पत्ता बदलायला नमुना 8. गावातून ऊसतोडीला कुटुंबं जात असतील, तर ती परतल्यावर मतदान व्हावं अशा बेताने अर्ज करा. मतदानाच्या दिवशी वीस घरांमागे एक बाई नेमा. दुपारी बारालाच कोण आलेलं नाही ते तिने यादीवर पाहावं आणि स्वतः जाऊन सोबत घेऊन यावं.